वादळाची खबर देणारे फिट्झरॉय

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म १८०५ साली इंग्लंडमध्ये झाला. ते आरमारात कप्तान होते. डार्विन हे शास्त्रज्ञ त्यांच्याच जहाजातून जगभर फिरले.

१८५९ मध्ये मोठं वादळ झालं. रॉयल चार्टर नावाचं जहाज किनाऱ्याजवळच खडकावर फुटलं. चारशेच्यावर माणसं बुडाली. वादळाचं आधी कळलं तर माणसं वाचतील, असं फिट्झरॉय यांना वाटलं. मग ते किनाऱ्यावरच्या गावांहून रोज तारेने हवेची खबर मागवू लागले. वारा कुठला, उष्णता किती, हवेचा दाब किती. दाब भराभर उतरला की वादळाची भीती असते. मग ते बंदरांना तार करत. तिथे खांबावर काळा शंकू चढवत. तो लांबून दिसायचा.

१ ऑगस्ट १८६१ ला त्यांचा अंदाज पेपरात आला. उत्तरेला हवा कशी, दक्षिणेला कशी, असं वेगवेगळं. पण अंदाज चुकला की लोक हसायचे. आमच्याकडेपण वळीव सांगितला आणि नाही आला की मोठी माणसं हसतात. मला ते बरं वाटत नाही.

१८६५ साली फिट्झरॉय वारले. १८६६ मध्ये इशारे बंद केले. तेव्हा बंदरातल्या लोकांनीच ते परत मागितले. १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले.