हर्ट्‌झ आणि काचेतला तडा

खडकवासल्यास धरणाजवळच्या एका चहाच्या टपरीत काचेचे कपाट आहे. कुणा पोराच्या गलोलीचे दोन खडे त्याला लागलेले. एक आरपार गेला: बाहेरून मुगाएवढे भोक, आतून रुपयाएवढा खळगा. दुसऱ्याचा तडा मात्र काचेच्या पोटातच थांबलेला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ जिथले धरण फुटले, त्या गावी थांबलेला तडा पाहून मला नवल वाटले. विज्ञान शाखेच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी हाइन्‌रिख हर्ट्‌झचे नाव सांगितले. रेडिओवरच्या किलोहर्ट्‌झमधला हर्ट्‌झ तो हाच!

त्याचा जन्म हॅम्बुर्गचा, २२ फेब्रुवारी १८५७ चा. वडील वकील. मुलगा सुतारकाम शिकला, आणि (आम्हां कलाशाखेच्या मंडळींना बरे वाटेल) अरबीसुद्धा. इंजिनिअर व्हायला निघाला होता. पण १८७७ साली वडिलांना पत्र लिहून, त्यांच्या संमतीने तो शुद्ध विज्ञानाकडे वळला आणि पुढे बर्लिनला हेल्महोल्ट्‌झच्या हाताखाली दाखल झाला.

काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली तर ती किती चपटी होतात? १८८० च्या नाताळच्या सुटीत, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने हे गणित सोडवले. गोटी काचेवर दाबली की स्पर्शाच्या वर्तुळात काच दाबली जाते, पण वर्तुळाच्या काठाशी ती ताणली जाते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण फारसा सोसत नाही. म्हणून काठाशी गोल चीर पडते आणि शंकूसारखी रुंदावत आत उतरते. उतरताना तिचा घेर वाढतो, ताण मात्र झपाट्याने ओसरतो. पुढची काच फाडण्यास बळ अपुरे पडले की ती थांबते. टपरीतला दुसरा खडा तेवढाच हळू आला असणार.

१८८२ साली हर्ट्‌झने पदार्थाच्या कठीणपणाची व्याख्याच या पहिल्या चिरेवर बेतली. ती टिकली नाही. चीर केव्हा पडेल हे काचेवरच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांवरही ठरते. ओरखड्यांचे हे मर्म ग्रिफिथने १९२० च्या सुमारास उलगडले. हर्ट्‌झचे गणित मात्र आजही बॉलबेअरिंगला आणि रुळावरच्या चाकाला लागू पडते.

पुढे कार्ल्सरूहला १८८६ ते १८८८ मध्ये त्याने विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या, आणि त्या कीर्तीत काचेचे काम झाकले गेले. मला तरी हा थोडा अन्यायच वाटतो. बॉनला प्राध्यापक असताना दुखण्याने त्याला गाठले. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला. मागे पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. वय होते छत्तीस.