बर्फाची उंची नको, वजन सांगा! लॅटिनच्या प्राध्यापकाने सोडवलेला पाण्याचा प्रश्न

जुलैत आपण सगळेच मोबाईलवर धरण किती टक्के भरलं ते बघतो. पण समजा, पाणी धरणात न येता चार-पाच महिने डोंगरावर बर्फ होऊन बसलं तर? उन्हाळ्यात नदीला किती पाणी येणार, हे आधीच कसं सांगायचं?

अमेरिकेच्या पश्चिम भागात हा दरवर्षीचा प्रश्न. त्याचं चालणारं उत्तर काढलं जेम्स एडवर्ड चर्च यांनी. ते इंजिनिअर नव्हते, लॅटिन शिकवायचे. डिग्रीवाल्या मला हे वाचून जरा लाजच वाटली.

चर्च यांचा जन्म १८६९ चा, मिशिगनमधला. १८९२ मध्ये ते नेवाडातल्या रीनोच्या विद्यापीठात शिकवायला आले. शहराजवळच ३,२८५ मीटर उंचीचा माउंट रोज. भर हिवाळ्यात तिथे कोण कशाला जाईल? चर्च जायचे. १९०५ मध्ये त्यांनी शिखरावर हवामान केंद्रच उभं केलं.

खाली वेगळंच भांडण चालू होतं. जवळच्या टाहो सरोवराच्या तोंडाशी बांध आहे आणि तिथून ट्रकी नदी निघते. पाणी फार साठवलं तर काठावरच्या लोकांचं नुकसान, आधीच सोडून दिलं तर उन्हाळ्यात खालचे शेतकरी आणि वीजकंपनी कोरडी. दरवाजे कधी उघडायचे हे ठरवायला वर किती पाणी अडकलंय ते कळायला हवं.

पट्टीने बर्फाची उंची मोजून चालत नाही. एक मीटर ताज्या बर्फात साधारण दहा सेंटीमीटर पाणी निघतं. तोच थर वसंतापर्यंत दाबून घट्ट झालेला असेल तर चाळीसही निघेल. म्हणून चर्च यांनी एक पोकळ नळी बनवली. खालच्या टोकाला दाते, ती फिरवत जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट ताणकाट्याला लटकवायची. रिकाम्या नळीचं वजन वजा केलं की पाणी समजलं. पुढे सुधारलेल्या नळीचा आतला व्यास १.४८५ इंच ठेवला गेला. या मापात एक इंच पाण्याचं वजन बरोबर एक औंस भरतं! गणित मी स्वतः करून बघितलं, जुळतं. म्हणजे गोठलेल्या बोटांनी आकडेमोड करायची गरजच नाही.

पण मला त्यांची खरी हुशारी पुढे दिसते. अख्ख्या डोंगरावरचं पाणी मोजायच्या नादी ते लागलेच नाहीत. दरवर्षी ठरलेल्या त्याच जागांवर मोजायचं आणि नेहमीच्या किती टक्के बर्फ आहे एवढंच बघायचं. बर्फ नेहमीच्या ७० टक्के, तर नदीही साधारण तेवढीच. आपल्याकडे मान्सूनचा अंदाज सरासरीच्या टक्क्यांत सांगतात, तसंच काहीसं. मी एकदा कामावर भलंमोठं मॉडेल बनवलं होतं आणि शेवटी दोन कॉलमच्या गुणोत्तराने त्याला हरवलं, तेव्हा चर्च माहीत असते तर तीन आठवडे वाचले असते.

ही पद्धत पश्चिमेतल्या राज्यांत पसरली. चर्च बर्फाच्या मागे ग्रीनलँडला गेले, आणि १९४७ च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटल्यावर, हिमालयातल्या बर्फमोजणीसाठी भारतातही आले. १९५९ मध्ये ते वारले. त्यांच्या अस्थी रीनोच्या विद्यापीठात, त्यांच्याच नावाच्या कला इमारतीच्या कोनशिलेत आहेत.

आज बर्फाचं वजन घेणाऱ्या स्वयंचलित चकत्या आहेत, विमानातून लेझरने उंची मोजतात. लेझरला वजन मात्र कळत नाही, त्यामुळे नळी अजून सुटीवर गेलेली नाही. अडचण त्या 'नेहमीच्या' शब्दात आहे. हवामान बदललं की जुनी सरासरी कितपत धरायची? १ एप्रिल २०१५ ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा नेवाडातल्या बर्फमोजणीच्या ठिकाणी गेले, तेव्हा नळी खुपसायला बर्फच नव्हता. राज्याचा आकडा होता सरासरीच्या ५ टक्के. तिथल्या सुक्या गवतावर उभं राहूनच त्यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के सक्तीची कपात जाहीर केली.