पूल, कॉलेज आणि वाळलेली पाने

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, एक भाषण आणि मग वडापाव. (भाषणापेक्षा वडापावला गर्दी जास्त असते, हे मान्य करून टाकू.) विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून इंजिनिअर झाले, हे फर्स्ट इयरपासून आपल्याला पाठ असतं. पण तेव्हा त्या कॉलेजचे प्राचार्य कोण होते? हा प्रश्न मी होस्टेलवर आठ-दहा जणांना विचारला. सिव्हिलवाल्यांनासुद्धा आला नाही. मलाही एका ट्रेकआधी माहीत नव्हतं, त्यामुळे जास्त शहाणपणा करत नाही.

त्यांचं नाव थिओडोर कूक. शिक्षणाने आणि पेशाने इंजिनिअर. आणि आज जगभर त्यांचं नाव निघतं ते पुलासाठी नाही, कॉलेजसाठीही नाही, तर झाडपाल्यासाठी!

कूक यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमधल्या ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८४५ मध्ये, आयर्लंडच्या बटाट्याच्या पिकावर करपा पडला. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. हा बटाटा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. कूक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले आणि १८६० साली हिंदुस्थानात आले. नोकरी होती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या वेस्टर्न रेल्वेच्या पूर्वजाकडे. तिथे त्यांनी वसईच्या खाडीवरचा मोठा लोखंडी पूल बांधला. खारं पाणी, भरती-ओहोटी, खाली चिखल. फाउंडेशनचा पेपर दिलेल्यांना या कामाबद्दल वेगळं सांगायला नको.

पूल झाल्यावर १८६५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. आपल्याकडे त्या वयात माणूस लेक्चरर असतो, नाहीतर अजून एम.ई. चालू असतं. या पदावर ते १८९३ पर्यंत राहिले. अठ्ठावीस वर्षं! या काळात कॉलेज वाढलं, सिव्हिलच्या जोडीला विज्ञान आलं, शेतीचे आणि वनखात्याचे वर्ग आले, नावही कॉलेज ऑफ सायन्स झालं. शेती आणि जंगल शिकवायचं तर वनस्पतिशास्त्र हवं, आणि वनस्पतिशास्त्र शिकवायचं तर हर्बेरियम हवं. अशा रीतीने इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात वाळलेल्या झाडांची कपाटं उभी राहिली आणि प्राचार्य हळूहळू त्यांत गुंतत गेले.

हर्बेरियम म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझाही आधी गैरसमज होता. लहानपणी आपण वहीत पिंपळाचं पान ठेवायचो, तशी काहीतरी हौस असेल असं वाटायचं. तसं नाही. झाड फुलावर किंवा फळावर असताना त्याची फांदी, लहान रोप असेल तर मुळासकट, टिपकागदांच्या थरांत पसरतात आणि वर लाकडी चौकट ठेवून पट्ट्यांनी करकचून आवळतात. कागद ओले झाले की बदलायचे, सुरुवातीला रोज. आता गंमत बघा. आपल्या घाटमाथ्यावरची निम्मी फुलं येतात ती पावसाळ्यात, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा होस्टेलच्या दोरीवरचे मोजे चार दिवस वाळत नाहीत! कागद शेकोटीवर किंवा चुलीजवळ शेकत बसायचं. एक दिवस आळस केला की पान काळं पडतं, बुरशी येते, सगळी पायपीट वाया.

वाळलेलं झाड मग जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात. कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा. किडीने खाऊ नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणातून झाड काढत. ते जालीम विष आहे, त्यामुळे जुने कागद आजही जपून हाताळावे लागतात. आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, जमलं तर उंची आणि फुलाचा रंग (वाळल्यावर रंग उडतो ना!). ही चिठ्ठी नसेल तर उरतो तो कडबा.

ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं पहिलं वर्णन झालं, त्याला टाइप म्हणतात. सर्व्हेच्या भाषेत बोलायचं तर तो बेंचमार्क. वाद झाला की सगळे तिथे परत जातात.

१८९० साली सरकारने बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन केला आणि पश्चिम भागाची जबाबदारी पुण्याला कूक यांच्याकडे आली. म्हणजे ऑफिसात प्राचार्य, बाहेर सर्वेक्षणाचे प्रमुख. सगळीकडे ते स्वतः हिंडले असतील असं समजू नका. हिंडणारी माणसं वेगळी होती. ना. भा. म्हणून नव्हे, तर कागदांवर ‘एन. बी. रानडे’ म्हणून जे दिसतात ते पुण्याच्या हर्बेरियमचे रानडे कोल्हापूरकडच्या आंबा घाटात गेले आणि एक पिवळं, घंटेसारखं फूल घेऊन आले. ते विज्ञानाला नवीन निघालं. १८९४ साली त्याला अब्युटिलॉन रानडेई असं नाव मिळालं. आज लोक त्याला सोनघंटा म्हणतात.

१८९३ साली कूक निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पेन्शन, बाग, चहा. पण ते लंडनजवळच्या क्यू इथल्या प्रचंड हर्बेरियममध्ये जाऊन बसू लागले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर त्याआधीचं मोठं पुस्तक म्हणजे डाल्झेल आणि गिब्सन यांचं १८६१ सालचं. ते जुनं झालं होतं. कूक यांनी नवं लिहायला घेतलं. सिंधपासून कारवारपर्यंतचा मुलूख, दोन हजारांहून जास्त जाती. पहिला भाग १९०१ साली छापला, शेवटचा १९०८ साली. सुरुवातीला वय पासष्ट, शेवटी बहात्तर. पुस्तकाचं नाव ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. अजूनही महाराष्ट्रात झाड ओळखायचं म्हटलं की अभ्यासक आधी ‘कूक’ काढतात.

या पुस्तकात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उद्गारचिन्ह. प्रत्येक जातीखाली ठिकाणं आणि तिथून ती आणणाऱ्याचं नाव असतं, आणि त्या नावापुढे ‘!’. सुरुवातीला मला वाटलं, साहेबांना आनंद झालाय. नंतर कळलं की वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ असतो: हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. ऐकीव नाही, दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं नाही. आपल्या जर्नलमध्ये जर प्रत्येक रीडिंगपुढे असं चिन्ह टाकायची सक्ती केली, तर किती जर्नलं सबमिट होतील, हा विचार मनात आला आणि मी तो लगेच झटकला.

या चिन्हाआधी जी नावं येतात त्यांत साहेब लोक आहेत, स्टॉक्स, लॉ, वुड्रो. त्यांच्या ओळीत ‘कानिटकर!’ आहे आणि ‘भिवा!’ आहे. नुसता भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही. पण गव्हर्नरच्या काळातल्या इंग्रजी ग्रंथात त्याची साक्ष साहेबांइतकीच धरली आहे, कारण कागदावर झाड होतं आणि ते बरोबर होतं. कूक यांच्याबद्दल माझं मत चांगलं झालं ते या ओळींमुळे.

कूक ५ नोव्हेंबर १९१० रोजी क्यू इथेच वारले. पुस्तक पुरं होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आता बटाटा. ज्या करप्याने कूक यांच्या लहानपणी आयर्लंड उपाशी मारलं, त्याची रोगट पानं त्या काळात कोणीतरी वाळवून ठेवली होती. २०१३ साली शास्त्रज्ञांनी क्यू आणि म्युनिक इथल्या हर्बेरियममधल्या अशा पानांतून डीएनए काढला आणि तो करपा नेमक्या कोणत्या वाणाचा होता ते शोधून काढलं. त्याला नावच ‘हर्ब-१’ दिलं. त्याआधी १९८७ साली वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या हर्बेरियममधली जुनी पानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पानावरची श्वासाची छिद्रं दोनशे वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली होती. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तशी झाडांना छिद्रं कमी लागू लागली. ज्यांनी ही पानं तोडली, त्यांच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं.

आणि आपला नगर जिल्हा? (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण एसटीत अजून ‘नगर, नगर’ हीच हाक ऐकू येते.) कंदीलपुष्पांच्या कुळात सेरोपेजिया लॉवाय नावाची एक जात आहे. लॉ नावाच्या सनदी अधिकाऱ्याने ती गोळा केली आणि हूकर यांनी १८८३ साली तिला त्याचं नाव दिलं. त्या काळच्या पुष्कळ चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून ‘कोकण’ किंवा ‘मलबार’ एवढंच मोघम असायचं. शोधणार कुठे? लॉच्या नंतर शंभराहून जास्त वर्षं ते झाड कोणाला सापडलं नाही. ते नामशेष झालं असावं, असंच वाटू लागलं होतं.

१९५५ साली पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं कार्यालय सुरू झालं आणि कूक यांच्या वेळचे जुने नमुने तिथल्या हर्बेरियममध्ये आले. त्याच कार्यालयातल्या अन्सारी आणि कुलकर्णी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलं की सेरोपेजिया लॉवाय परत सापडली आहे. कुठे, तर आपल्या अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाचनईमार्गे गडावर गेलो होतो. कोकणकड्यावर फोटो काढायची घाई होती, गवत तुडवत सगळे पुढे धावले. आमच्यातल्या एकाच्या काकांनी, ते बॉटनीचे शिक्षक आहेत, मागून ओरडून सगळ्यांना थांबवलं आणि पायवाटेवरून चालायला लावलं. तेव्हा आम्ही वैतागलो होतो. संध्याकाळी केदारेश्वराच्या गुहेजवळच्या टपरीत पिठलं-भाकरी खाताना त्यांनी सांगितलं, त्या गवतात काय असू शकतं ते. कूक हे नाव मी पहिल्यांदा तिथे ऐकलं.