लुई पाश्चर

माटुंग्याच्या एखाद्या गल्लीत मुलास कुत्रे चावले, तर वडीलमाणसे त्यास तत्काळ रुग्णालयात नेतात. तेथे लस टोचली जाते आणि जिवाचे भय टळते. पूर्वी मात्र पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे मृत्यूची चाहूलच वाटे. हे भय ज्यांनी दूर केले, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे लुई पाश्चर होत.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. त्यांचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई लहान असताना एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांचे चावे घेतले. लोहाराच्या भट्टीत तापवलेल्या लोखंडाने त्यांच्या जखमांवर डाग दिले जात. तो आक्रोश लुईंच्या बालमनावर कायमचा कोरला गेला.

पुढे ते रसायनशास्त्रज्ञ झाले. या रोगावर त्यांनी लस तयार केली व ती कुत्र्यांवर पारखून पाहिली. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई त्यांच्याकडे आली. मुलाच्या अंगावर चौदा जखमा होत्या.

पाश्चर धर्मसंकटात पडले. ते वैद्य नव्हते. लस टोचण्याचा अधिकार कायद्याने त्यांना नव्हता. माणसावर लस पुरती पारखलेलीही नव्हती. टोचावी, तर अपयशाचा दोष माथी येणार. न टोचावी, तर मूल दगावण्याची भीती! त्यांनी दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांपैकी डॉक्टर ग्रांशे यांनी त्याच सायंकाळी पहिली लस टोचली. पुढील दिवसांत एकूण तेरा वेळा लस दिली गेली. त्या काळात पाश्चर यांना रात्र रात्र झोप येत नसे. अखेर जोसेफ वाचला.

१८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उघडली. तेथे काम केलेल्या हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली. माटुंग्याजवळच्या परळ येथील संस्थेला त्यांचेच नाव आहे. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी निधन पावले.

मुलांनो, कुत्रे चावल्यास ते लपवू नका. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तीवर चुना किंवा तिखट लावू नका. सरकारी व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. ती मागण्यात संकोच कसला? मात्र सांगितलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण करा. कुत्रे पाळणाऱ्यानेही त्याचा इतरांस उपद्रव होऊ न देण्याची दक्षता घ्यावी, असा कायदाच आहे. एका बालकासाठी पाश्चर यांनी आपली कीर्ती पणाला लावली. आपण निदान इतकी काळजी तरी घ्यावयास नको काय?