पंपावरचं नाव

नगरहून कुठल्याही दिशेनं निघा, केडगावकडे जा नाहीतर मनमाड रोड धरा. ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत पंप-नोझलची एक तरी पाटी दिसतेच. बाहेर सगळीकडे ग्रीस, चिखल आणि झिजलेले टायर, पण चांगल्या पंपवाल्याची आतली खोली मात्र दार लावलेली, पुसलेली, लख्ख असते. धुळीचा एक कणही तिथं चालत नाही. ट्रकच्या गॅरेजात दवाखान्यासारखी खोली कशाला, असं कधी वाटलंय का तुम्हाला?

त्याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव तुम्ही ड्रिल मशीनवर, वॉशिंग मशीनवर आणि टूव्हीलरच्या स्पार्क प्लगवर वाचलेलं असतं. बॉश. आपण ते कंपनीचं नाव समजतो, पण रॉबर्ट बॉश नावाचा खराखुरा माणूस होता. दाढीवाला, तापट, आणि खर्चाच्या बाबतीत आपल्या आजोबांसारखा. गरज नसताना लाइट चालू दिसला की त्याचं डोकं फिरायचं. ऑफिसात जमिनीवर पडलेल्या साध्या टाचणीवरूनही तो कामगाराला झापायचा, असं सांगतात.

२३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात तो जन्मला. बारा भावंडांतला अकरावा. वडील शेतकरी, शिवाय रस्त्याकडेला त्यांची खानावळ होती. आपल्याकडचा हायवेचा ढाबाच समजा, फक्त ट्रकऐवजी घोडागाड्या थांबायच्या. शाळेत हा काही टॉपर नव्हता. पंधराव्या वर्षी उल्ममध्येच सूक्ष्म यंत्रं बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो शिकायला राहिला. त्या उस्तादानं धड काही शिकवलं नाही, याचा राग त्याच्या मनात कायम राहिला. (इंटर्नशिप केलेल्या कुणालाही हा राग समजावून सांगायला नको!) पुढे १९१३ मध्ये त्यानं स्वतःच्या कंपनीत शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला, तो याच रागातून आला असावा, असं मला वाटतं.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारखान्यात राबला. तिथून इंग्लंडला सीमेन्सकडे. मग १५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं. माणसं किती? तो, एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसवणं, विजेची दुरुस्ती, मिळेल ते काम. पहिली काही वर्षं घर आणि धंदा दोन्ही ओढाताणीत चालले.

त्याला वर काढलं ते मॅग्नेटोनं. म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं छोटं यंत्र. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्यानं पहिलं बनवलं. पुढे मोटारी आल्या, आणि १९०२ मध्ये त्याचा इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यानं उच्च दाबाची वीज आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली. त्यानंतर मात्र पैसा आला, आणि बहुतेक जर्मनीबाहेरून. बॉशच्या खोक्यावर वर्तुळातलं जे चिन्ह असतं ना, ते त्याच मॅग्नेटोच्या आतल्या फिरत्या भागाचं चित्र आहे. तेही होनोल्डनंच १९१८ मध्ये काढलं.

श्रीमंत झाल्यावर त्यानं काय केलं? १९०६ मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत तेव्हा ही गोष्ट कुणाच्या फारशी गावी नव्हती. इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणू लागले. पण त्याला देव्हाऱ्यात बसवायची घाई करू नका. आठ तासांच्या दोन पाळ्या लावल्या की महागडी मशिनं जास्त वेळ चालतात, हा हिशोबही त्यात होता. आणि १९१३ मध्ये त्याच्याच कामगारांनी संप केला, तेव्हा हाच लाल मालक त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि मालकांच्या संघटनेत जाऊन बसला.

आता ट्रककडे येऊ.

रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गला यशस्वी चालवून दाखवलं. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्या हवेत तेल फवारायचं. ते आपोआप पेटतं. पण प्रचंड दाबाखालच्या हवेत तेल घुसवायचं कसं? डिझेलनं त्यासाठी दुसरी हवा वापरली. वेगळा कॉम्प्रेसर लावून, त्याच्या जोरावर तेल आत ढकललं. इंजिन चाललं, पण कॉम्प्रेसरसकट त्याचं धूड असं झालं की ते कारखान्यात किंवा जहाजातच मावणार. डिझेल १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना रात्री जहाजावरून नाहीसा झाला आणि काही दिवसांनी समुद्रात त्याचं प्रेत सापडलं. त्याच्या नावाच्या इंजिनावर रस्त्यावरून ट्रक धावताना त्याला बघायला मिळाले नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर बॉशची अवस्था बिकट होती. अमेरिकेतला कारखाना तिथल्या सरकारनं जप्त करून विकला होता. त्यात मोटारींमध्ये स्वस्त बॅटरी इग्निशन येऊ लागलं होतं, म्हणजे ज्या मॅग्नेटोवर सगळा डोलारा उभा, त्याचेच दिवस भरत आले होते. १९२१ मध्ये तर पहिल्या लग्नाचा एकुलता मुलगा दीर्घ आजारानं गेला. बॉश साठीचा झाला होता. त्या वयात माणूस सूत्रं दुसऱ्याच्या हातात देतो. याच्या कंपनीनं १९२२ च्या अखेरीस ठरवलं की डिझेल इंजिनासाठी पंप बनवायचा. गंमत बघा, ज्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्याच्यावर ठिणगीच्या धंद्यातली कंपनी पैसे लावत होती.

बेंझ आणि एमएएन या कंपन्यांनी १९२३-२४ मध्येच कॉम्प्रेसरशिवाय चालणारे डिझेल ट्रक दाखवले होते. अडचण होती ती भरवशाचा पंप हजारोंनी, एकसारखा बनवण्याची. आणि इथं उल्ममधलं ते सूक्ष्म यंत्रांचं काम उपयोगी आलं.

पंपाच्या आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याची नळी असते. आपले मिस्त्री या जोडीला एलिमेंट म्हणतात. डॉक्टरची सिरिंजच, पण दोघांत रबर नाही, नुसतं स्टीलवर स्टील. मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दट्ट्या आणि नळी एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून एकीचा दट्ट्या दुसरीत घालून चालत नाही. धूळ गेली की संपलं. ती दवाखान्यासारखी खोली यासाठी.

मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. दट्ट्या दर वेळी तेवढाच वर जातो, मग तेल कमी-जास्त कसं होतं? दट्ट्यावर एक तिरकी खाच असते. दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरवला की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडते आणि उरलेलं तेल परत जातं. ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा गव्हर्नरमार्फत खरं तर हा दट्ट्या फिरत असतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर एका सिलिंडरला मिनिटाला एक हजार वेळा मापून तेल द्यायचं. सहा सिलिंडरना सहा हजार वेळा. आणि सगळ्यांना सारखंच.

१९२६ मध्ये जर्मन मोटार उद्योग मंदीत सापडला, बॉशला माणसं कमी करावी लागली. पंपावरचं काम मात्र चालू राहिलं. १९२७ च्या अखेरीस पंपांचं नियमित उत्पादन सुरू झालं. इंजिन तेच, डिझेलचं. पंप बदलला आणि ते जहाजातून उतरून ट्रकच्या बॉनेटखाली बसलं. १९३६ मध्ये मर्सिडीझच्या कारमध्येही गेलं.

म्हणूनच लोड गाडी करंजी घाटात पहिल्या गिअरवर रांगायला लागली की जुन्या ट्रकच्या मालकाच्या डोक्यात येतं, मोठा पंप बसवून घेऊ. विचार चुकीचा नाही, अर्धा आहे. जाड दट्ट्याचे एलिमेंट टाकले की तेल जास्त जातं, पण ते जाळायला हवाही जास्त लागते. ती मिळाली नाही तर तेल अर्धवट जळून काळा धूर होतो, पिस्टन तापतो आणि अॅव्हरेज बोंबलतं. पंपाबरोबर नोझल, टायमिंग आणि टर्बोचाही विचार करावा लागतो. कायद्याचंही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल मनानं करता येत नाहीत, आणि पीयूसीला धूर मोजला जातोच. गाडीचं नवं मॉडेल प्रमाणित करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, आपल्या नगरलाच आहे. त्यामुळे बहुतेक वेळा शहाणा पंपवाला मालकाला सांगतो की मोठा राहू द्या, आहे तोच आधी नीट करून घ्या. झिजलेल्या एलिमेंटमुळेही गाडीचा दम गेलेला असतो.

बॉशच्या शेवटच्या वर्षांबद्दल लिहिताना हात जड होतो. हिटलर आला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला, फ्रान्सशी मैत्री हवी म्हणणारा उदारमतवादी होता. त्याच्या कंपनीनं ज्यू लोकांना देशाबाहेर पडायला पैसे पुरवले. हिटलरविरोधी कटातला कार्ल गोएर्डेलर याला १९३७ मध्ये सल्लागाराची नोकरी देऊन आडोसा दिला. युद्धाच्या शेवटी नाझींनी त्याला मारलं. बॉशचा उजवा हात हान्स वाल्झ याला ज्यूंना वाचवल्याबद्दल पुढे इस्रायलनं गौरवलं. आणि त्याच कंपनीनं नाझी लष्करासाठी माल बनवला, लष्करी ट्रकना पंप दिले, आणि युद्धात हजारो लोकांना वेठीला धरून राबवलं. दोन्ही खरं आहे. १२ मार्च १९४२ ला तो गेला, आणि ज्यांचा त्याला तिटकारा होता त्याच नाझींनी त्याला सरकारी इतमामात निरोप दिला.

मागं राहिलं ते स्टुटगार्टमधलं त्याचं रुग्णालय, जे १९४० मध्ये चक्क होमिओपॅथीसाठी सुरू झालं, आणि नफा समाजाकामी लावण्याची इच्छा. आज कंपनीचे नव्वद टक्क्यांहून जास्त शेअर त्याच्या नावच्या फाउंडेशनकडे आहेत.

तो गेल्यावर नऊ वर्षांनी, १९५१ मध्ये, बंगळुरूला मायको कंपनी उभी राहिली. नंतर तिचा कारखाना नाशिकला सातपूरलाही आला, नोझल बनवणारा. त्यामुळे जुने मिस्त्री अजूनही बॉश म्हणत नाहीत, मायको म्हणतात. नव्या बीएस-सिक्स ट्रकमध्ये आता तो पंप नाही. तिथं कॉमन रेल आणि कॉम्प्युटर आले. पण नेप्तीच्या कांदा मार्केटला आणि साखर कारखान्यांच्या गेटवर जुन्या गाड्या अजून उभ्या असतात, आणि त्यांचे पंप त्या बंद खोलीत येतात.

तिथं पंप टेस्ट बेंचवर चढवतात. समोर काचेच्या सहा नळ्या. पंप फिरतो, प्रत्येक नळीत डिझेल चढतं, मिस्त्री डोळे बारीक करून रेघा बघतो. एक नळी जराशी मागं असेल तर पुन्हा खोलतो. सहाही एका रेषेत आल्या की पंप गाडीवर चढतो, पाइप आवळले जातात, हातपंप मारून हवा काढतात, आणि मग कुणीतरी केबिनमध्ये चढून सेल्फ मारतं.