सलीम अलींची बंदूक

डॉ. सलीम अली म्हटलं की आपल्याला दुर्बीण आठवते. बंदूक आपण विसरतो. 1896 साली मुंबईत जन्म. आईवडील लवकर वारले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. मामा हौशी शिकारी, भाच्यालाही एअरगन मिळाली. पाडलेल्या चिमण्या हलाल करून खाल्ल्या जायच्या. एकदा पिवळ्या गळ्याची चिमणी पडली. ही खाणं जायज आहे का? पोर अडलं. मामांनाही पक्षी ओळखेना. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. तिथे जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटंच उघडली! पुढे संग्रहासाठी त्यांनी छर्‍यांनी कितीतरी पक्षी टिपले, हे लपवायचं कशाला? मात्र 1930 साली किहीमला सुगरणीचा अभ्यास नुसतं बघत बसून केला. नर एकामागून एक घरटी बांधतो, हे तिथेच उमगलं.