इब्ने सीना : एका वाचकाचे चरित्र

शाळेच्या वाचनालयाचे कपाट आठवड्यातून एकदा उघडते. मुले रांगेत उभी राहतात, जुने पुस्तक परत करतात, आणि नवे घेण्याची पाळी आली की बहुतेक जण घुटमळतात. कोणी जाड पुस्तक टाळतो, कोणी मित्राने नेलेलेच मागतो, कोणी हाताला लागेल ते घेऊन वहीत नाव लिहून मोकळा होतो. यानंतर काय वाचावे, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु एका फार मोठ्या माणसाचे आयुष्य याच प्रश्नाच्या पाठीमागे गेले, म्हणून त्यांची हकीकत विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या आईवडिलांपुढे ठेवावीशी वाटते.

हे गृहस्थ म्हणजे अबू अली इब्ने सीना. युनानी दवाखान्यातील हकीमसाहेब त्यांना बू अली सीना म्हणून ओळखतात, युरोपात ते अॅव्हिसेना झाले. त्यांचा ‘अल-कानून’ हा वैद्यकावरील ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिन भाषेत गेला आणि पुढे काही शतके युरोपच्या विद्यापीठांतून शिकविला गेला. १९८० साली त्यांच्या जन्माची सहस्राब्दी जगभर साजरी झाली. हे सारे पाठ्यपुस्तकांतून मिळते. आम्हांस येथे वैद्य इब्ने सीनांविषयी नव्हे, वाचक इब्ने सीनांविषयी लिहावयाचे आहे. आणि सुदैवाने त्याची माहिती अस्सल आहे. आपल्या तरुणपणाची हकीकत त्यांनी स्वतः आपले शिष्य अबू उबैद अल-जूझजानी यांना सांगितली आणि पुढचा भाग या शिष्याने लिहिला.

इ. स. ९८० मध्ये बुखारा शहराजवळच्या अफशना या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हा मुलूख आज उझबेकिस्तानात आहे; तेव्हा तेथे सामानी घराण्याचे राज्य होते. वडील मूळचे बल्खचे, सरकारी नोकरीतले. मुलांच्या शिक्षणासाठी पुढे कुटुंब बुखाऱ्यास येऊन राहिले. दहाव्या वर्षापर्यंत मुलाने कुराण शरीफ आणि अरबी साहित्याचा बराच भाग मुखोद्गत केला. नंतर वडिलांनी त्याला एका भाजीविक्याकडे पाठविले. हा भाजीविक्या हिंदी पद्धतीचे अंकगणित जाणत होता. आपल्या देशातून गेलेली हिशेबाची पद्धत बुखाऱ्याच्या भाजीबाजारात पोचली होती, आणि ती शिकण्यासाठी आपला मुलगा दुकानदाराकडे पाठविण्यात त्या अधिकाऱ्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात यावी.

घरी वडील व त्यांचे स्नेही आत्मा, बुद्धी अशा गहन विषयांवर बोलत बसत. मुलगा ऐकत असे. त्याला ते समजत असे, पण पटत नसे.

इस्माईल अज्-जाहिद यांच्याकडे ते फिक्ह शिकले. प्रश्न कसा विचारावा, आक्षेप कसा घ्यावा, याचे वळण त्यांना तेथे लागले. मग अन्-नातिली नावाचे तत्त्वज्ञानाचे जाणकार बुखाऱ्यास आले. वडिलांनी त्यांना घरीच ठेवून घेतले. तर्कशास्त्राची पहिली पोथी सुरू झाली आणि मुलाने एका व्याख्येचा असा काही उलगडा केला की, उस्ताद थक्क झाले. या मुलाला विद्येखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामाला लावू नका, असे त्यांनी वडिलांना बजावले. पुढे युक्लिडच्या भूमितीतील पहिली पाच-सहा प्रमेये उस्तादांनी शिकविली, उरलेला सारा ग्रंथ मुलाने आपला आपण सोडविला. टॉलेमीचा ज्योतिषावरील अवघड ग्रंथ आला, तेव्हा तू स्वतः वाच आणि मला दाखव, असे उस्तादांनीच सांगितले. कित्येक आकृत्या त्यांना शिष्याकडून समजल्या. शेवटी उस्ताद दुसऱ्या शहरी निघून गेले आणि मुलगा पुस्तकांसह एकटा राहिला.

पुढे काय वाचायचे, हे सांगणारे आता कोणी नव्हते. त्यांनी वैद्यक हाती घेतले. वैद्यक ही काही कठीण विद्या नव्हे, असा शेरा त्यांनी पुढे मारला आहे. आज वैद्यकीय प्रवेशासाठी रात्री जागविणाऱ्या आमच्या मुलांना तो वाचून हसू येईल, रागही येईल. परंतु ते नुसते वाचून थांबले नाहीत, रोगी तपासू लागले, आणि पुस्तकात नसलेले उपचार त्यांना रोग्यांपाशी सापडले. सोळाव्या वर्षी नामांकित वैद्य त्यांच्याकडे पाठ घेऊ लागले होते.

यानंतरचे दीड वर्ष त्यांच्या वाचनाचे खरे वर्ष. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे सर्व भाग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतले. या काळात एकही रात्र ते पुरती झोपले नाहीत, आणि दिवसा दुसरे काही केले नाही. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. समोर कागदांचे गठ्ठे ठेवून, वाचलेल्या प्रत्येक युक्तिवादाची ते मांडणी करीत : यात गृहीत काय धरले आहे, त्यातून काय निघते, आणि दोन विधानांना जोडणारा मधला दुवा कोणता. हा दुवा सापडला नाही की ते मशिदीत जाऊन नमाज पढत, अल्लाहकडे मार्ग मागत. रात्री घरी येऊन पुन्हा दिवा लावून बसत. कधी झोप लागली तर तोच प्रश्न स्वप्नात येई, आणि कित्येकदा उलगडाही स्वप्नातच होई. जागरणासाठी ते जे काही करीत ते सारेच अनुकरणीय नव्हते. त्यांनी स्वतः ते लपविलेले नाही, आणि आम्हीही त्यांना संत ठरवीत नाही.

अशा या वाचकाची गाडी एका पुस्तकापाशी अडली. अरिस्टॉटलचा, म्हणजे अरबी लेखकांच्या अरस्तूचा, सत्तामीमांसेवरील ग्रंथ त्यांनी हाती घेतला आणि त्यांना तो कळेना. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला, दहाव्यांदा वाचला, चाळीस वेळा वाचला. ग्रंथ पाठ झाला, पण लेखकाला म्हणायचे आहे काय, ते उमगेना. हे पुस्तक समजण्याचा मार्गच नाही, असे म्हणून त्यांनी हात टेकले. वैद्यांना शिकविणारा हा तरुण. त्याच्या मनाची काय स्थिती झाली असेल!

एके दिवशी असरच्या सुमारास ते ग्रंथविक्रेत्यांच्या बाजारात गेले होते. एक दलाल हातात एक बाड घेऊन त्याची बोली पुकारीत होता. त्याने ते इब्ने सीनांपुढे धरले. विषय तोच, सत्तामीमांसा. त्यांनी वैतागून नकार दिला. या विद्येत काही लाभ नाही, अशी त्यांची तोवर खात्री झाली होती. दलाल मागे लागला. मालक अडचणीत आहे, पैशांची गरज आहे, पुस्तक स्वस्त आहे, अवघ्या तीन दिरहमला देतो, असे तो सांगत राहिला. इब्ने सीनांनी ते घेतले. ते अबू नस्र अल-फाराबी यांचे, त्याच ग्रंथाच्या हेतूंविषयीचे पुस्तक निघाले.

घरी येताच त्यांनी ते वाचले, आणि चाळीस वाचनांत न उघडलेला ग्रंथ एकदम उघडला. असे त्या पुस्तकात होते तरी काय? अल-फाराबींचे हे लिखाण फार मोठे नाही. या विद्येत केवळ ईश्वर आणि आत्मा यांचेच विवेचन असणार अशी लोकांची समजूत असते, म्हणून ग्रंथ वाचताना ते गोंधळतात, हे त्यांनी प्रारंभीच सांगितले आहे. मूळ विषय आहे अस्तित्व, म्हणजे जे जे आहे त्याचे ‘असणे’. ईश्वराविषयीचे विवेचन हा त्याचा एक भाग. मग ग्रंथाच्या एकेका भागात काय आहे, ते थोडक्यात दिले आहे. वाचक चुकीच्या गोष्टीच्या शोधात होता, म्हणून समोरची गोष्ट त्याला दिसत नव्हती, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

या कथेचा एक भाग मात्र लोक सांगताना गाळतात. ग्रंथ चटकन उलगडला तो आपल्याला मुखोद्गत होता म्हणून, हेही इब्ने सीनांनी नमूद केले आहे. म्हणजे ती चाळीस वाचने वाया गेली नव्हती. छोटे मार्गदर्शक पुस्तक आधी घेऊन मूळ ग्रंथाला हातच न लावणाऱ्यास हा लाभ मिळता ना. उलट एकेचाळिसावे, पन्नासावे वाचन करीत बसले असते, तरी मिळता ना. आमच्या मुलांकडे परीक्षेची मार्गदर्शके तीन-तीन असतात आणि मूळ पुस्तक कोरे करकरीत राहते. हे लिहिताना त्यांची आठवण झाली खरी.

दुसऱ्या दिवशी इब्ने सीनांनी अल्लाहचे आभार मानून गोरगरिबांना दानधर्म केला.

याच सुमारास सामानी अमीर नूह इब्ने मन्सूर आजारी पडले. दरबारी वैद्यांनी या तरुणाचे नाव सुचविले आणि उपचारांत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. अमिरांच्या सेवेत असता एके दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली : राजवाड्यातील ग्रंथालयात जाण्याची परवानगी. ती मिळाली. आत अनेक दालने होती. प्रत्येक दालनात ग्रंथांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या. एका दालनात अरबी भाषा व काव्य, दुसऱ्यात फिक्ह, अशी एकेका दालनात एकेक विद्या. एवढ्या भांडारात शिरल्यावर साधा माणूस पहिल्याच पेटीपाशी बसला असता. इब्ने सीनांनी प्राचीनांच्या ग्रंथांची यादी मागवून वाचली आणि आपल्याला हवे होते तेवढेच ग्रंथ मागितले. ज्यांची नावेही पुष्कळांना ठाऊक नव्हती, असे ग्रंथ त्यांना तेथे पाहावयास मिळाले. ते वाचून लाभ झालाच, शिवाय आपापल्या विद्येत कोणाची योग्यता किती, हेही त्यांना कळले. अठराव्या वर्षी हा अभ्यास पुरा झाला. त्या वेळी माझी स्मरणशक्ती अधिक तल्लख होती, आता जाण अधिक परिपक्व आहे, पण विद्या तीच, अशी कबुली त्यांनी पुढे दिली आहे.

हे ग्रंथालय नंतर जळाले. तेथील ज्ञान आपल्या नावावर खपविता यावे म्हणून इब्ने सीनांनीच ते जाळले, असा आळ त्यांच्या शत्रूंनी घेतल्याचे चरित्रकार लिहितात. ९९९ मध्ये सामानी राज्यही बुडाले. वडील वारले होते. इब्ने सीना एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरू लागले, ते अखेरपर्यंत. कधी वजीर, कधी फरारी, कधी कैदी. हमदानमध्ये एका अत्तारांच्या घरी लपून राहिले असता, ‘अश-शिफा’ या आपल्या प्रचंड ग्रंथाचे मुद्दे त्यांनी जवळ एकही पुस्तक नसताना, केवळ स्मरणातून, दोन दिवसांत उतरवून काढले आणि मग रोज सुमारे पन्नास पाने या वेगाने ते लिहीत सुटले. बुखाऱ्याच्या त्या पेट्या आता त्यांच्या डोक्यात होत्या.

त्यांची प्रौढपणीची वाचनाची रीत जूझजानींनी सांगितली आहे. आपण पंचवीस वर्षे त्यांच्या सहवासात होतो, पण नवे पुस्तक हाती आल्यावर ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचताना कधी पाहिले नाही, असे ते म्हणतात. इब्ने सीना थेट त्यातील कठीण स्थळे काढीत. तेथे लेखक काय म्हणतो ते पाहून त्याचा अधिकार जोखीत आणि पुस्तक वाचावयाचे की नाही ते ठरवीत. विद्यार्थ्यांनी लगेच ही रीत उचलू नये. जो चाळीस वेळा वाचून आला आहे त्याला ती शोभते.

तरीही एकदा त्यांना पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागले. इस्फहानच्या दरबारात भाषेचा एक मुद्दा निघाला आणि इब्ने सीना बोलून गेले. अबू मन्सूर अल-जब्बान हे भाषापंडित समोर होते. आपण तत्त्वज्ञ आहात, भाषेत आपले वाचन एवढे नाही की आपले म्हणणे मानावे, असे त्यांनी भर दरबारात सुनावले. हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. इब्ने सीनांनी पुढील तीन वर्षे अरबी भाषेचे ग्रंथ वाचले. अल-अजहरींचा ‘तहजीब अल-लुगा’ हा मोठा शब्दकोश खास खुरासानहून मागविला. मग दुर्मिळ शब्द पेरून तीन कसीदे आणि जुन्या नामवंतांच्या शैलीत तीन पत्रे रचली, ती बांधून घेतली आणि कातडी पुठ्ठा जुनाट दिसेल असा केला. शिकारीच्या वेळी रानात हे सापडले, असे सांगून अमिरांनी ते बाड अबू मन्सूर यांच्यापुढे ठेवले. कित्येक शब्द त्यांना लागेनात. जो जो शब्द अडे, तो अमुक ग्रंथात अमुक ठिकाणी आहे, असे इब्ने सीना शांतपणे सांगत राहिले. अबू मन्सूर काय ते समजले आणि त्यांनी क्षमा मागितली. सूड म्हणावा तर तो जरा पोरकटच. पण त्यासाठी वयाच्या त्या टप्प्यावर, तेवढ्या कीर्तीनंतर, तीन वर्षे शब्दकोश वाचणारा माणूस विरळाच. पुढे त्यांनी स्वतः भाषेवर एक ग्रंथ लिहावयास घेतला, तो पक्का करण्याचे मात्र राहून गेले.

१०३७ साली पोटशूळाच्या जुन्या दुखण्याने ते खचले. स्वतःचे औषध स्वतः करण्यात आता अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी उपचार सोडले. गुलामांना मुक्त केले, जवळचे द्रव्य गरिबांत वाटले. शेवटच्या त्या दिवसांत ते दर तीन दिवसांत एक कुराण शरीफ वाचून पुरे करीत, असे चरित्रकार लिहितात. रमजान महिन्यात हमदान येथे त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर तेथेच आहे.